न वाजलेल्या सुरांचा निकाल

गेल्या पावसाळ्यात पुण्यात एका स्नेह्यांकडे आम्ही आठ-दहा जण ऐकायला जमलो होतो. महिन्यातून एकदा जमतो. त्या संध्याकाळी रँडल गूसबी या तरुण अमेरिकी व्हायोलिनवादकाचं २०२३ सालचं ध्वनिमुद्रण लावलं होतं. त्यात जर्मनीच्या माक्स ब्रुखचा पहिला व्हायोलिन कॉन्चेर्टो (एकट्या वादकाने वाद्यवृंदासह वाजवायची मोठी रचना) आहे आणि त्याच्या जोडीला फ्लॉरेन्स प्राइस या अमेरिकी रचनाकर्तीचे दोन. साथीला फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा. संपल्यावर चहा आला आणि वादाला तोंड फुटलं. उभा जन्म व्हायोलिन शिकवण्यात घालवलेले आमचे एक काका म्हणाले, "ब्रुखच्या मांडीला मांडी लावून बसवलं म्हणून कुणी ब्रुख होत नाही. बाई काळ्या होत्या, त्यातून बाई होत्या, म्हणून हे कौतुक चाललंय." त्यावर एक मुलगी उसळून म्हणाली, "काका, इतकी वर्षं त्यांच्यावर अन्याय झाला ना? मग आता तरी ऐकायला नको का?" पुढचा तासभर दोघंही तेच ते बोलत राहिली. संगीत कसं होतं, याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही.

मला दोघांचंही पटलं नाही, आणि त्या दोघांसारखे वाद घालणारे जगभर आहेत म्हणून हे लिहितो आहे. एक बाजू ध्वनिमुद्रणाला पारितोषिक समजते आणि विचारते, लायकी आहे का? दुसरी बाजू त्याला नुकसानभरपाई समजते आणि म्हणते, देणं लागतो. माझ्या मते ध्वनिमुद्रण या दोन्हींपैकी काहीच नाही. ती सुनावणी आहे. लिहून ठेवलेलं संगीत कुणीतरी मन लावून वाजवेपर्यंत ते चांगलं की वाईट, हे ठरूच शकत नाही. अमेरिकी अभिजात संगीतातला फार मोठा वाटा ऐकून नाकारलेला नाही, न ऐकताच बाजूला सारलेला आहे. तो पुढे आणायचं काम वादकाचं आहे, आणि ते एकाने एकदा करून भागत नाही.

आपल्याकडच्या रसिकाला ही गोष्ट चटकन उमगत नाही, कारण आपलं संगीत कागदाच्या आधाराने जगत नाही. अल्लादियाखाँसाहेबांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं नाही. भास्करबुवा बखल्यांचं गाणंही आपल्याला ऐकायला मिळत नाही. तरी दोघं पुरते हरवले, असं कुणी म्हणणार नाही. खाँसाहेबांची तालीम केसरबाईंच्या आणि मोगूबाईंच्या गळ्यात उतरली, मोगूबाईंकडून किशोरीताईंकडे आली. भास्करबुवांचं बरंच काही मास्तर कृष्णरावांच्या गाण्यात राहिलं. गळ्यातून गळ्यात जाणारी विद्या घराचं छप्पर पडलं तरी टिकते. कॉन्चेर्टोचं तसं नाही. रचनाकाराने सगळ्या वाद्यांचे सूर कागदावर मांडले आणि तो कागद कुणी वाजवलाच नाही, तर त्याची आठवणसुद्धा कुणाच्या कानात नसते. तिथे ना शिष्य असतो, ना घराणं. कागद गेला की सगळंच गेलं.

छप्पर हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. शिकागोच्या दक्षिणेला सेंट ॲन नावाचं एक छोटं गाव आहे. २००९ साली एका जोडप्याने तिथलं एक पडीक घर दुरुस्त करून घ्यायला हाती घेतलं. झाड कोसळून छताला भगदाड पडलेलं, कुणीकुणी आत शिरून सामान उसकटून गेलेलं. घराच्या कोरड्या राहिलेल्या भागात त्यांना कागदांच्या चळती सापडल्या. स्वरलिप्या, पत्रं, वह्या, आणि त्यांवर पुन्हा पुन्हा एकच नाव, फ्लॉरेन्स प्राइस. हे त्या बाईंचं उन्हाळ्यात राहायचं घर होतं. १८८७ मध्ये आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकला जन्मलेल्या, बॉस्टनला शिकलेल्या, शिकागोत स्थायिक झालेल्या प्राइस या काही अनाम नव्हत्या. १५ जून १९३३ रोजी शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राने फ्रेडरिक स्टॉक यांच्या संचालनाखाली त्यांची पहिली सिंफनी, म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठीची रचना, सादर केली होती. अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदाने कृष्णवर्णीय स्त्रीची सिंफनी वाजवण्याची ती पहिली वेळ. १९५३ मध्ये त्या गेल्या आणि हळूहळू त्यांचं नाव कार्यक्रमपत्रिकांमधून पुसलं गेलं. त्या घरात सापडलेल्या कागदांत दोन व्हायोलिन कॉन्चेर्टो होते, एक १९३९ चा, दुसरा १९५२ चा. कागद आर्कान्सा विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले. त्याच विद्यापीठात एर-जीन कांग नावाच्या बाई व्हायोलिन शिकवत होत्या. त्यांनी ते कॉन्चेर्टो उचलले, बसवले, आणि चेक देशातल्या यानाचेक फिलहार्मोनिकबरोबर ध्वनिमुद्रित केले. २०१८ मध्ये ते ध्वनिमुद्रण बाहेर आलं आणि हे दोन कॉन्चेर्टो जगाला पहिल्यांदा घरबसल्या ऐकता आले.

पावसाचं पाणी आणखी चार हात आत आलं असतं, तर वाद घालायला काही उरलंच नसतं. चांगलं संगीत आपली वाट आपणच काढतं, असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांनी ते घर एकदा डोळ्यांसमोर आणावं.

आता काकांच्या बाजूचं जे बळकट आहे ते मोकळेपणाने मान्य करतो. प्राइस यांच्या पहिल्या कॉन्चेर्टोवर रशियन रचनाकार चायकोव्हस्कीची गडद सावली आहे. स्वर तोच, डी मेजर, आणि पहिल्या भागाची चालही त्याच वळणाची. लांबी जाणवते, सांधे दिसतात. दुसरा कॉन्चेर्टो एका सलग भागात जेमतेम पाव तासात संपतो. तो मला अधिक आवडतो, पण त्यातही एखादी सुरावट नुकती जमून येते आहे असं वाटेपर्यंत बाई ती सोडून पुढे जातात. १९५२ सालासाठी ही भाषा जुनीही होती. त्या वेळी पश्चिमेतले तरुण रचनाकार कितीतरी दूर निघून गेले होते. हेही खरं की, अशा ध्वनिमुद्रणांबरोबरच्या पुस्तिकांत आणि त्यांवरच्या परीक्षणांत बाईंचा वर्ण, त्यांचं स्त्री असणं आणि ते पडकं घर यांवर पानंच्या पानं खर्ची पडतात, संगीतावर चार ओळी. जर्मन रचनाकार ब्राह्म्सच्या कॉन्चेर्टोशेजारी हे ठेवलं तर लहान दिसतं. हे सगळं मला मान्य आहे.

पण ब्राह्म्सचा, ब्रुखचा, बेथोवनचा कॉन्चेर्टो आज ज्या थाटात आपल्यापुढे उभा राहतो, तो थाट आला कुठून? काका ज्या ब्रुखचा दाखला देत होते त्याचंच उदाहरण घेऊ. त्याचा पहिला कॉन्चेर्टो १८६६ मध्ये प्रथम वाजला. ब्रुखचं समाधान झालं नाही. त्याने तो योझेफ योआखिम या त्या काळच्या थोर व्हायोलिनवादकापुढे ठेवला, त्याच्या सल्ल्याने ठिकठिकाणी बदलला, आणि १८६८ मध्ये योआखिमने नवा पाठ वाजवला. आज आपण ऐकतो तो हा दुसरा. म्हणजे आधी वाजला, कानाला चुका कळल्या, जाणत्या वादकाने बोट ठेवलं, मग दुरुस्ती झाली. प्राइस यांच्या १९५२ च्या कॉन्चेर्टोला असा योआखिम कुठे भेटला? लिहून वर्ष-सव्वा वर्ष होत नाही तोच बाई गेल्या. त्यात जे सांधे उघडे दिसतात ते रचनाकाराच्या कुवतीचे किती आणि कधीही पुरती तालीम न झाल्याचे किती, हे छातीठोकपणे कोण सांगणार? ब्रुखचा तयार माल आणि प्राइस यांचा पहिला खर्डा समोरासमोर ठेवून निकाल द्यायचा, हा न्याय नव्हे.

बेथोवनचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. त्याचा व्हायोलिन कॉन्चेर्टो २३ डिसेंबर १८०६ रोजी व्हिएन्नात फ्रान्त्स क्लेमेंटने पहिल्यांदा वाजवला. पुढची जवळजवळ चार दशकं तो क्वचितच कुणी हाती घेतला. मग २७ मे १८४४ रोजी लंडनमध्ये मेंडेल्सोनच्या संचालनाखाली एका बारा वर्षांच्या मुलाने तो वाजवला आणि तिथून त्याचं नशीब पालटलं. तो मुलगा म्हणजे हाच योआखिम. १८४० साली कुणी म्हणालं असतं की, हा कॉन्चेर्टो लोकांना नको आहे, चौतीस वर्षांत त्याचा निकाल लागलेला आहे, तर ते वरवर अगदी खरं दिसलं असतं. चायकोव्हस्कीचा कॉन्चेर्टो ज्या लिओपोल्ड आउअरसाठी होता त्याने तो वाजवायचं टाळलं. पुढे १८८१ मध्ये व्हिएन्नात ॲडोल्फ ब्रॉड्स्कीने वाजवला, तेव्हा हान्स्लिकसारख्या नामांकित समीक्षकाने त्याचे वाभाडे काढले. आज या दोन कॉन्चेर्टोंवाचून एकाही मोठ्या व्हायोलिनवादकाचं चालत नाही. आपण ज्याला 'मान्यवर रचना' म्हणतो ती यादी काळाने आपोआप गाळून दिलेली नाही. ती हट्टी व्हायोलिनवादकांनी एकेक रचना खांद्यावर घेऊन तयार केली आहे.

यावर एक उत्तर नेहमी येतं. मग बार्बर कसा पुढे आला? तोही अमेरिकीच, आणि त्याचा कॉन्चेर्टो आज जगभर वाजतो. त्याला कुणाच्या हट्टाची गरज पडली?

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण सॅम्युएल बार्बरचा कॉन्चेर्टो १९३९ चा आहे, आणि प्राइस यांचा पहिलाही १९३९ चाच. दोघांचा देश एक, साल एक, वाद्य एक. बार्बरला सॅम्युएल फेल्स या फिलाडेल्फियातल्या साबण कारखानदाराने आइझो ब्रिसेली या व्हायोलिनवादकासाठी पैसे देऊन कॉन्चेर्टो लिहायला सांगितला. पुढे तिसऱ्या भागावरून त्यांचं बिनसलं. तो भाग वाजवता येतो की नाही, अशी चर्चा झाली, तेव्हा फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेतल्या एका विद्यार्थ्याच्या हाती हस्तलिखिताची पानं दिली गेली आणि थोड्या तासांत त्याने ती वाजवून दाखवली. बार्बर त्याच कर्टिसमध्ये शिकला होता. त्याची मावशी लुईझ होमर न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराची गाजलेली गायिका, मावशीचा नवरा सिडनी होमर स्वतः गीतरचनाकार. ७ फेब्रुवारी १९४१ रोजी अल्बर्ट स्पॉल्डिंगने युजीन ऑर्मंडींच्या फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राबरोबर तो कॉन्चेर्टो सादर केला. १९६४ मध्ये आयझॅक स्टर्नने लिओनार्ड बर्नस्टाइनबरोबर तो ध्वनिमुद्रित केला आणि मग तो घरोघरी पोचला. ही 'आपोआप' निघालेली वाट. प्रायोजक, संस्था, थोड्या तासांत वाजवून दाखवणारा विद्यार्थी, गावातच पहिल्या दर्जाचा वाद्यवृंद. प्राइस यांच्या १९३९ च्या कॉन्चेर्टोला ध्वनिमुद्रण मिळालं २०१८ मध्ये. मधली एकोणऐंशी वर्षं गुणवत्तेची परीक्षा चालू होती, असं म्हणायला माझी जीभ धजत नाही. परीक्षेला बसूच दिलं नव्हतं.

माझं मत विचाराल तर बार्बरचा कॉन्चेर्टो सरस आहे, चांगला दोन पावलं सरस. त्याचा दुसरा भाग उघडतो तेव्हा व्हायोलिन गप्प असतं. ओबो हे फुंकून वाजवायचं वाद्य एक लांबलचक सुरावट गातं, इतकी भरलेली की आता व्हायोलिनला सांगायला काय उरलं, असं वाटावं. मग व्हायोलिन येतं ते ती सुरावट उचलतच नाही, वेगळंच काही बोलू लागतं, आणि ओबोचं गाणं त्याच्या तारांवर यायला आपल्याला बराच वेळ वाट पाहावी लागते. इतका धीर प्राइस यांच्या दोन्ही कॉन्चेर्टोंत मला कुठे दिसत नाही. पण हे मी आज म्हणू शकतो, कारण दोन्ही माझ्या कानांवरून गेले आहेत. २०१८ पूर्वी हेच वाक्य मी उच्चारलं असतं तर तो निव्वळ पूर्वग्रह ठरला असता, आणि योगायोगाने बरोबर निघाला म्हणून त्याचं मत झालं नसतं.

विरोधी बाजूचा सगळ्यात खोल मुद्दा मात्र अजून बाकी आहे. तो असा की, अमेरिकेची खरी प्रतिभा सिंफनी आणि सोनाट्यात (एक-दोन वाद्यांसाठीच्या रचनेत) नाहीच. ती जॅझमध्ये आहे, ब्लूजमध्ये आहे, खेड्यातल्या फिडलवादकाच्या गजात आहे. युरोपच्या साच्यात ओतलेलं अमेरिकी संगीत उसनंच वाटणार. याला एक जबरदस्त पुरावाही आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात पाठवली, तिच्यावर जगभरातलं सत्तावीस तुकड्यांचं संगीत आहे. आपल्या केसरबाईंची 'जात कहाँ हो' ही भैरवी त्यातच आहे. खुद्द अमेरिकेतून काय निवडलं? चक बेरी, लुई आर्मस्ट्राँग, ब्लाइंड विली जॉन्सन आणि नाव्हाहो लोकांचा रात्रगजर. बाख आहे, मोझार्ट आहे, बेथोवन आहे. व्हायोलिनसाठी बाखचाच एक तुकडा आहे, बेल्जियमच्या आर्थर ग्रूमियोने वाजवलेला. मैफलीसाठी स्वरलिपी लिहिणारा एकही अमेरिकेत जन्मलेला रचनाकार नाही. तबकडी बनवणारे स्वतः अमेरिकी असून त्यांना तसं करावंसं वाटलं नाही. मी ती यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा कितीतरी वेळ हा मुद्दा मलाही बिनतोड वाटत होता.

तो डळमळला विल मॅरियन कुकची हकीकत वाचून. कुक हा वॉशिंग्टनचा कृष्णवर्णीय तरुण, योआखिम ज्या संस्थेचा प्रमुख होता त्या बर्लिनच्या संस्थेत व्हायोलिन शिकून आलेला. जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनने पुढे सांगितलेली गोष्ट अशी की, न्यूयॉर्कमधल्या कार्यक्रमानंतर एका समीक्षकाने कुकला जगातला सर्वश्रेष्ठ निग्रो व्हायोलिनवादक म्हटलं. कुक त्याला भेटायला गेला, 'मी सर्वश्रेष्ठ व्हायोलिनवादक आहे' असं म्हणाला आणि व्हायोलिन त्याच्या टेबलावर आपटून फोडलं. गोष्ट सांगताना रंगली असेल. पण कुकने मैफलीचं व्हायोलिन सोडलं आणि तो नाटकांच्या संगीताकडे वळला, एवढं इतिहासात नोंदलेलं आहे. अशा माणसांनी दुसऱ्या अंगणात जाऊन जे थोर संगीत घडवलं त्याकडे बोट दाखवून 'बघा, त्यांची प्रतिभा तिकडेच होती' असं म्हणता येईल का? दार आतून लावून घ्यायचं आणि बाहेरच्याला मोकळी हवाच मानवते, असा निष्कर्ष काढायचा, हे तर्काला धरून नाही.

शिवाय या दोन अंगणांमध्ये भिंत होती असं जे मानलं जातं तेही तितकंसं खरं नाही. कृष्णवर्णीय रचनाकार विल्यम ग्रँट स्टिलने ब्लूजच्या डब्ल्यू. सी. हँडीसाठी काम केलं आणि प्रयोगशील रचनाकार एड्गार व्हारेझकडे रचनाशास्त्रही शिकला. माणूस एकच. त्याने १९४३ मध्ये लुई आणि ॲनेट कॉफमन या व्हायोलिन-पियानो वाजवणाऱ्या दांपत्यासाठी एक रचना लिहिली. तिचे तीन भाग तीन कृष्णवर्णीय शिल्पकारांच्या तीन शिल्पांवरून सुचलेले. शेवटचा भाग ऑगस्टा सॅव्हेजने घडवलेल्या रस्त्यावरच्या पोराचा. व्हायोलिन तिथे गल्लीतल्या पोरासारखं टोपी तिरकी करून चालतं. याला उसनं कोण म्हणेल? खुद्द चेक रचनाकार अंतोनीन द्वोर्झाकने १८९३ मध्ये न्यूयॉर्कला राहून सांगितलं होतं की, कृष्णवर्णीयांच्या गाण्यांत एका थोर संगीतपरंपरेला लागेल ते सगळं आहे. तेव्हा बॉस्टनच्या कितीतरी प्रतिष्ठितांना ते रुचलं नव्हतं.

आणि चार्ल्स आइव्हज. विम्याच्या धंद्यात पैसा मिळवणारा, फावल्या वेळात संगीत लिहिणारा कनेटिकटचा हा माणूस ऐकला की उसनेपणाचा मुद्दा माझ्यापुरता तरी संपतो. त्याचे व्हायोलिन आणि पियानोसाठीचे चार सोनाटे हिलरी हानने व्हॅलेंटिना लिसित्साबरोबर वाजवले, २०११ मध्ये ते प्रसिद्ध झाले. चौथा सोनाटा लहान मुलांच्या उघड्यावरच्या धार्मिक मेळाव्याची आठवण आहे. आइव्हजने तो बारा वर्षांच्या पुतण्याला वाजवता यावा म्हणून लिहायला घेतला आणि लिहिता लिहिता तो भल्याभल्यांना जड जाईल असा झाला. मधल्या संथ भागात व्हायोलिन एका बालभजनाची सुरावट चाचपडत असतं, पियानो शेजारून ओढ्यासारखा वाहतो, आणि अचानक पोरं ओढ्यात धोंडे फेकू लागतात. तिथे आइव्हजने स्वरलिपीत इटालियन सूचनांच्या धर्तीवर 'कॉन्स्लगारॉको' असा स्वतःच बनवलेला शब्द लिहिला आहे. शेवटचा भाग 'नदीकाठी जमूया का' या भजनावर आहे. हान इथे सूर गोड करून घेत नाही. सभेत गाणाऱ्यांचा आवाज जसा थोडा चढतो, थोडा भलतीकडे जातो, तसा ती गज ओढते. भजन ओळखीचं वाटू लागतं तोच सोनाटा थांबतो, पूर्ण न होता. कान पुढची ओळ शोधत राहतात. हा सोनाटा योझेफ सिगेटीने १९४२ मध्येच ध्वनिमुद्रित केला होता. तरी आइव्हज तऱ्हेवाईक म्हणून बाजूलाच राहिला. हानसारख्या लोकप्रिय वादकाने चारही सोनाटे सलग मांडल्यावर मला तरी पहिल्यांदा कळलं की, त्यात तऱ्हेवाईकपणा कमी आणि आठवण जास्त आहे.

त्या संध्याकाळी तडफेने बोललेल्या मुलीला आता माझं म्हणणं सांगतो, कारण तिची कळकळ खरी होती. अन्याय झाला म्हणून ऐकायचं, हे म्हणणं ऐकायला उदार वाटतं, पण त्यात प्राइस पुन्हा एकदा बाजूलाच राहतात. १९४३ मध्ये त्यांनी बॉस्टन सिंफनीच्या सर्गेई कुसेव्हित्स्कींना पत्र लिहिलं होतं. आपल्यापुढे दोन अडचणी आहेत, आपण स्त्री आहोत आणि आपल्या अंगात काही निग्रो रक्त आहे, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. पुढे लिहिलं की, वर्णाच्या नावाखाली कोणतीही सवलत त्यांना नको आहे, त्यांची अपेक्षाही नाही. केवळ गुणवत्तेवर आपल्याला जोखावं. कुसेव्हित्स्की हे अमेरिकी रचनाकारांचे मोठे पाठीराखे होते, कोपलंड, हॅरिस, बार्बर यांना त्यांनी मंच दिला. प्राइस यांची रचना मात्र त्यांनी सादर केली नाही. त्या पत्रात बाईंनी जे मागितलं होतं तेच आपण आज द्यायला हवं. सहानुभूतीने ऐकणारा सांधे दिसले तरी बोलत नाही, आणि न बोलल्याने रचनाकाराला पुन्हा एकदा बालवर्गात बसवतो. मला त्यांचा पहिला कॉन्चेर्टो लांबलेला वाटतो, हे मी स्पष्ट म्हणतो. त्यांना समकक्ष रचनाकार मानण्याची माझ्याकडे दुसरी रीत नाही.

पैशाचा आणि वेळेचा प्रश्न राहतो, आणि तो खरा आहे. वाद्यवृंद उभा करायला फार खर्च येतो. वर्षातून चार-सहा कॉन्चेर्टो ठेवणाऱ्या मंडळाने श्रोत्यांना हवा तो मेंडेल्सोन वगळून अनोळखी नाव का छापावं? मी म्हणत नाही की त्यांनी रोज छापावं. पण आइव्हज, स्टिल किंवा अमेरिकी रचनाकर्ती एमी बीचचा १८९६ चा सोनाटा वाजवायला दोनच माणसं लागतात, एक पियानो लागतो. तिथे ही सबब चालत नाही. आणि कॉन्चेर्टोसाठी तर ध्वनिमुद्रण हेच स्वस्त दार आहे. एकदा झालं की ज्या श्रोत्याला जेव्हा वाटेल तेव्हा तो ऐकेल, कुणाची जागा अडत नाही.

मात्र एका ध्वनिमुद्रणाने काम होतं, असंही समजू नये. प्राइस यांच्या दुसऱ्या कॉन्चेर्टोचं कांगनंतर २०२२ मध्ये रेचल बार्टन पाइनने रॉयल स्कॉटिश नॅशनल ऑर्केस्ट्राबरोबर ध्वनिमुद्रण केलं, मग गूसबीने. पाइनने तर कृष्णवर्णीय रचनाकारांच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोंचा पहिला संच १९९७ मध्येच काढला होता, तेव्हा या विषयाची कुठे चर्चाही नव्हती. तीन वादकांचे तीन पाठ झाले म्हणून आता निदान ओळखता येतं की, अमुक जागी घाई आहे ती वादकाची की लिखाणातली. आपण एकच राग तीन घराण्यांकडून ऐकल्याशिवाय रागाबद्दल बोलत नाही. इथेही तेच लागू आहे.

विख्यात व्हायोलिनवादक याशा हायफेट्सने काही वर्षांच्या अंतराने दोन अमेरिकी कॉन्चेर्टो ध्वनिमुद्रित केले. १९४५ मध्ये लुई ग्रुएनबर्गचा, जो खास त्याच्यासाठी लिहिला होता, आणि १९५३ मध्ये एरिख कोर्नगोल्डचा. कोर्नगोल्ड व्हिएन्नाहून हॉलिवूडला आलेला, त्याने आपल्याच चित्रपटांतल्या सुरावटी कॉन्चेर्टोत गुंफल्या म्हणून टीकाकारांनी त्याला हिणवलं. पण १९८० च्या सुमारास इट्झाक पर्लमनने तो हाती घेतला, १९९० च्या दशकात गिल शाहमने घेतला, मागोमाग इतरांनी, आणि आज विद्यार्थी तो परीक्षेला वाजवतात. ग्रुएनबर्गला असा दुसरा-तिसरा खांदा मिळाला नाही. त्यात आध्यात्मिक गीतांचे सूर आहेत, गावच्या नाचाचा फिडल आहे, आणि हायफेट्स ते सगळं अशा सुसाट वेगाने पार करतो की, सौंदर्य त्याच्या बोटांचं की ग्रुएनबर्गच्या लेखणीचं, हे मला दहा वेळा ऐकूनही सांगता आलेलं नाही. आजच्या एखाद्या पहिल्या फळीतल्या वादकाने तो पुन्हा हाती घ्यावा, जरा निवांत चालीत, नव्या ध्वनिमुद्रणाच्या स्वच्छ आवाजात. तोवर त्या कॉन्चेर्टोबद्दलचं माझं मत मी राखून ठेवलं आहे.